आधीं वाट, मग ओझें

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज डोंबिवलीस होती. मुहूर्त सकाळीं नऊ वाजून कांहीं मिनिटांचा. आदल्या रात्रीं पेणहून निघालेली आमची एस. टी. पनवेलच्या अलीकडे एकाएकीं थांबली, ती दीड तास जागची हालली नाहीं. गाडींतील मंडळींनीं प्रथम चालकास, मग पोलिसांस आणि शेवटीं सरकारास यथेच्छ दूषणें दिलीं. मीहि त्यांत मागें नव्हतों, हें कबूल केलें पाहिजे. अखेर पाय मोकळे करावे म्हणून खालीं उतरलों, तों समोरून पिवळ्या दिव्यांच्या उघडझापींत एक प्रचंड वस्तु मुंगीच्या पावलानें येतांना दिसली. ती एक पोलादी टाकी होती. आडवी निजविलेली, आणि तरीहि आमच्या आळींतील दुमजली वाड्याइतकी उंच. तिच्यापुढें दोन माणसें पायीं चालत होतीं. एकाच्या हातीं लांब बांबू होता. रस्त्यावरून आडवी गेलेली तार आली कीं तो बांबूच्या टोकानें ती अलगद उचलून धरी, टाकी खालून सरके, आणि मग तो धांवत पुढल्या तारेकडे जाई. वीस-बावीस वर्षांचा मुलगा असेल.

मीं त्यास विचारलें, "बाळ, ही कोठून आणलीत?"

"बंदरावरनं, आजोबा."

"आणि नेणार कोठें?"

तो हंसून म्हणाला, "जायचं लांब आहे. आज रात्रीत पुढचा पूल ओलांडला, तरी पुष्कळ झालं."

मुहूर्तास मी पोंचलों. मुंज यथासांग झाली. परंतु त्या मुलाचें तें वाक्य मनांतून जाईना. जो पूल आमची एस. टी. अर्ध्या मिनिटांत ओलांडते, तो ओलांडणें हें ज्यांचें एका रात्रीचें काम, त्यांचा उद्योग आहे तरी कसा, ह्याची चौकशी मीं पुढें सवडीनें केली. जें हातीं लागलें तें आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

तुकडे कां करीत नाहींत ?

घरांत ही हकीकत सांगितली तेव्हां सूनबाईंनीं पहिलाच प्रश्न बिनतोड विचारला, "एवढी मोठी टाकी अखंड कशाला आणायची? तुकडे आणून तिथंच जोडावी!" प्रश्न रास्त आहे, आणि जेथें शक्य असतें तेथें तसेंच करितात. धान्य सांठविण्याचीं जीं उंच पत्र्याचीं कोठारें असतात, त्यांचे वांकविलेले पत्रे साध्या मालमोटारींतून येतात आणि जागेवर बोल्टांनीं जोडले जातात. पण ज्या टाकींत दाबाखालीं वायु कोंडावयाचा, किंवा जिच्यांतून हवा पार काढून घ्यावयाची, तिची गोष्ट वेगळी. तिचे जाड पत्रे कारखान्यांत यंत्रानें वांकवितात. सांधे वितळवून जोडतात. प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनीं किंवा तशाच दुसऱ्या साधनानें परीक्षा करितात. जोडतांना धातूंत राहिलेला ताण जावा म्हणून पुष्कळदां सबंध टाकी भट्टींत तापवितात. आणि सरतेशेवटीं पाणी भरून, दाब देऊन पाहतात. उघड्या माळावर, धुळींत व पावसांत, हे संस्कार तितक्या निर्मळपणें होणें कठीण. म्हणून अशी टाकी कारखान्यांत पूर्ण होऊनच बाहेर पडते. समुद्रावर तिला अडचण नाहीं. जहाजाच्या पाठीवर जागा पुष्कळ. खरी अडचण बंदराच्या फाटकाबाहेर सुरू होते.

आणि ती अडचण केवळ वजनाची नव्हे. रिकामी टाकी आकाराच्या मानानें हलकी असते, परंतु अंग फार मोठें. आपल्याकडील १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणें रस्त्यावरील वाहनाची रुंदी साधारणतः २·६ मीटर, म्हणजे सुमारें पावणेसहा हात धरलेली आहे. त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद वस्तु रस्त्यावर आली, कीं तिला प्रत्येक टप्प्याची वेगळी परवानगी लागते. शिवाय पोकळ नळकांड्यास सपाट पाटावर ठेवलें तर सारा भार एका रेघेवर येतो आणि तें तेथेंच चेपतें. रॉकेलचा रिकामा डबा बोटानें दाबून पाहावा म्हणजे कळेल. म्हणून टाकीच्या गोलाईबरहुकूम कापलेलीं पोलादी खोगिरें तिच्याखालीं देतात आणि आंतूनहि आधार बसवितात. घोड्यास खोगीर घालतात तें स्वारासाठीं. येथें खोगीर घालावयाचें तें स्वाराच्याच पोटाला जपण्यासाठीं, एवढाच फरक.

चाकांचें गणित

आतां वजनाकडे वळूं. एक टन म्हणजे जुने बंगाली सुमारें सत्तावीस मण. शेंकडों टनांचें ओझें रस्ता फोडून खालीं कसें जात नाहीं, हें कोडें पालखी उचलणाऱ्या भोयांनीं फार पूर्वींच सोडविलें आहे. ओझें कमी करतां येत नसेल, तर खांदे वाढवावे. ह्या वाहनांचे खांदे म्हणजे त्यांचीं चाकें. पण भोयांची एक अडचण आपण सर्वांनीं पाहिली आहे. चढउतारावर एक भोई उंचवट्यावर आणि दुसरा खळग्यांत आला, कीं उंचवट्यावरच्याच्या खांद्यावर सगळा भार येतो, आणि खळग्यांतल्याचा खांदा दांड्यास लागतहि नाहीं. चाकांचेंहि तसेंच व्हावयाचें.

त्यावर उपाय सुचला तो पास्कल ह्या फ्रेंच पंडिताच्या, साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या सिद्धांतांतून. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व बाजूंस सारखा पोंचतो. मी संस्कृतचा मास्तर. परंतु विज्ञानाचे मास्तर रजेवर असले म्हणजे त्यांचा तास मजकडे येई, आणि हा सिद्धांत मीं फळ्यावर कितीदां लिहिला असेल तें सांगतां येणार नाहीं. त्याचा उपयोग मात्र ह्या वयांत प्रथम समजला. ह्या वाहनांत चाकांच्या प्रत्येक जोडीवर तेलानें भरलेला एक दट्ट्या असतो, आणि एका गटांतील सर्व दट्ट्ये नळ्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात. एक चाक उंचवट्यावर चढलें, कीं त्याच्या दट्ट्यांतील तेल खळग्यांतल्या चाकाकडे जातें. तो दट्ट्या लांबतो, आणि दोघांवरचा भार सारखाच राहतो. शिवाय वळणावर पुढचींच नव्हे तर मागचींहि चाकें वळतात. म्हणून पन्नास-साठ हात लांबीचें हें धूड चौकांतून वळूं शकतें.

ह्याचा परिणाम किती विलक्षण आहे तें एका उदाहरणानें पाहूं. २०१३ च्या सप्टेंबरांत फ्रान्समध्यें अशा एका वाहनाची परीक्षा झाली. वाहन व ओझें मिळून सुमारें ८०० टन, आणि चाकें ३५२. भागाकार केला तर दर चाकास सव्वादोन टनांच्या आसपास पडतात. आतां आपल्याकडील साधी मालमोटार घ्या. २०१८ च्या सुधारलेल्या नियमांप्रमाणें तिच्या चार चाकांच्या एका आंसावर ११·५ टनांची मुभा आहे. म्हणजे दर चाकास पावणेतीन टनांहून थोडें अधिकच. तात्पर्य, डांबराच्या दृष्टीनें पाहिलें तर तें आठशें टनांचें धूड आपल्या दारावरून जाणाऱ्या विटांच्या मालमोटारीपेक्षां सौम्य आहे !

मग पुलाची भीति कां? चतुर विद्यार्थी येथें हात वर करील. त्याचें उत्तर असें कीं, रस्त्यास चाक कळतें, पुलास बेरीज कळते. रस्त्याखालीं भुई असते. ती ज्या त्या चाकाचा भार जेथल्या तेथें पोटांत घेते. पुलाच्या एका गाळ्यावर जितकीं चाकें एके वेळीं उभीं राहतील, तितक्यांचा सगळा भार दोन टोंकांच्या खांबांवरच जावयाचा. म्हणून नव्या मोठ्या पुलांच्या हिशेबासाठीं इंडियन रोड्स काँग्रेसनें ३८५ टनांचें एक खास वाहन कल्पिलें आहे. त्याचे निर्बंध वाचण्यासारखे आहेत : वाहनानें पुलाच्या मध्यरेषेजवळून जावें, वेग तासास पांच किलोमीटरांहून अधिक नसावा, पुलावर त्या वेळीं दुसरें वाहन नसावें, आणि मध्येंच गति वाढवूं नये कीं ब्रेक दाबूं नये. माझ्या त्या मुलाला एक पूल म्हणजे एक रात्र कां वाटत होती, हें मला येथें कळलें.

फ्रान्समधील एक रस्ता

हीं ओझीं कशीं न्यावीं ह्याचा उत्तम पाठ ज्या रस्त्यानें घालून दिला, त्याच्याशीं आपल्या देशाचाहि संबंध आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथें सात सभासदांनीं मिळून एक प्रचंड प्रयोग आरंभिला आहे : युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि आपला भारत. २००६ च्या नोव्हेंबरांत पॅरिस येथें त्याचा करार झाला. सूर्याच्या पोटांत हायड्रोजनचे अणु एकमेकांत मिसळून जी शक्ति निर्माण होते, ती पृथ्वीवर माणसाच्या हातानें निर्माण करतां येईल काय, हें पाहणें हा त्याचा हेतु. प्रयोगाचें नांव ईटर. त्याचे भाग निरनिराळ्या देशांत तयार होतात आणि समुद्रमार्गें मार्सेयजवळच्या फोस बंदरांत उतरतात. तेथून कादाराश आंत डोंगराळ मुलखांत आहे.

त्या मंडळींनीं पहिला भाग येण्याची वाट पाहिली नाहीं. सर्वांत जड ओझें वाहनासह सुमारें ९०० टनांचें, सर्वांत उंच १०·६ मीटर म्हणजे तेवीस हात, सर्वांत रुंद ९ मीटर म्हणजे वीस हात असणार, असा हिशेब आधीं केला. मग त्या मापाप्रमाणें १०४ किलोमीटरांचा मार्ग तयार केला. रस्ते रुंद केले, पूल बळकट केले, चौकांची गोलाई बदलली, आणि दिशादर्शक खांब असे बसविले कीं ओझें येतांच उपटावे व गेल्यावर पुन्हां रोवावे. २००८ ते २०११ ह्या काळांत हें काम झालें. खर्च ११ कोटी युरोंच्या वर गेला आणि तो फ्रान्सनें सोसला. बंदरापासून पहिला टप्पा तर रस्त्यानें नाहींच. ओझें तराफ्यावर चढवून एका खाऱ्या सरोवरांतून पैलतीरीं बेर गांवास नेतात, आणि तेथून पुढें रस्ता धरतात. प्रवास रात्रीं; दिवसा ठरलेल्या तळावर मुक्काम.

एवढें करूनहि त्यांनीं एकदम खरें ओझें रस्त्यावर घातलें नाहीं. वर सांगितलेली ३५२ चाकांची परीक्षा ती हीच. काँक्रीटचे ठोकळे रचून त्या ओझ्याची प्रतिकृति केली, चार रात्रीं ती सबंध मार्गावरून नेली, आणि पुलांचें काय होतें तें यंत्रांनीं मोजलें. लग्नाआधीं व्याही मंडळी दोनदां येऊन घर पाहून जातात, त्यांतलाच हा प्रकार. २०१५ च्या आरंभीं खरीं ओझीं येऊं लागलीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिकेंत बनलेल्या पाणी सांठविण्याच्या दोन टाक्या ह्या वाटेनें गेल्या. प्रत्येक सुमारें दहा मीटर लांब, सहा मीटरांहून अधिक जाड व ऐंशी टनांच्या आसपास. पुढें हेलियम वायूसाठीं पस्तीस मीटर लांबीच्या दोन टाक्याहि ह्याच वाटेनें आल्या.

आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत आपल्या देशांतून पहिलें ओझें आलें. ह्या यंत्राभोंवतीं एक प्रचंड पोलादी वेष्टन लागतें. आंतल्या चुंबकांस शून्याखालीं २६९ अंश इतकें थंड ठेवावयाचें असतें. म्हणून घरांतील थर्मासांत दोन भिंतींमधली हवा काढून घेतात त्याप्रमाणें ह्या वेष्टनांतील हवा काढून घेतात. हा थर्मास सुमारें ३० मीटर रुंद, जवळजवळ तितकाच उंच, आणि ३,८५० टनांचा. तो पुरविण्याचें काम भारताकडे आलें, आणि तापीच्या मुखाशीं हजिरा येथें लार्सन अँड टूब्रोच्या कारखान्यांत त्याचे ५४ भाग तयार झाले. ही संस्था १९३८ सालीं दोन डॅनिश इंजिनियरांनीं मुंबईंत स्थापिली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. एवढी वस्तु अखंड नेणें कोणासहि शक्य नव्हतें. म्हणून येथें सूनबाईंचा उपाय चालला. पण तुकडेहि केवढे? तेहि त्याच रात्रीच्या वाटेनेंच नेण्याजोगे. कादाराशला खास कार्यशाळा उभारून ते जोडले. तळाचा भाग, १,२५० टनांचा, २०२० च्या मे महिन्यांत यंत्राच्या खड्ड्यांत उतरविला. आणि जून अखेरीस शेवटचे भाग हजिऱ्याहून रवाना झाले.

आपल्याकडील एक वर्ष

त्याच २०२० सालीं आपल्या रस्त्यांवर दुसरें एक ओझें चाललें होतें. महाराष्ट्रांतून ८ जुलै २०१९ रोजीं तें निघालें होतें, आणि त्यास तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रास जावयाचें होतें. वस्तु म्हणजे आडवा निजविलेला एक अजस्र प्रेशर कुकरच. अग्निबाणाचे भाग त्यांत उष्णतेनें व दाबानें पक्के करावयाचे. वजन सुमारें सत्तर टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरांच्या वर. चौऱ्याहत्तर चाकांच्या वाहनावर ती चढविली, आणि तीसएक माणसें बरोबर निघालीं. कोठें तारा उतरवाव्या लागल्या, कोठें झाडें छाटावीं लागलीं, कोठें रस्ताच नीट करून घ्यावा लागला. त्यांत महामारीची टाळेबंदी आली, आणि सगळी मंडळी परमुलखांत अडकून पडली. चार राज्यें ओलांडून २०२० च्या जुलैंत, म्हणजे वर्षानंतर, ती तिरुवनंतपुरमला पोंचली.

वृत्तपत्रांनीं ह्याची नवलाई छापली आणि लोकांनीं मौज म्हणून वाचली. मलाहि त्या माणसांच्या चिकाटीचें कौतुक वाटतें. परंतु दोन प्रवास शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होतें. अंतरें सारखीं नाहींत, हें मान्य; आपली वाट कितीतरी लांब होती. तरी एके ठिकाणीं वाट आधीं झाली, ओझें मागाहून आलें. दुसरीकडे ओझें आधीं निघालें, आणि वाट त्याच्या पुढें चार पावलें करीत गेली.

मोठीं ओझीं नेण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. मुलूखमैदान तोफ १५४९ त अहमदनगरास ओतली गेली. पंचावन्न टनांच्या आसपास तिचें वजन. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तेथून १६३२ त भीमा उतरून विजापुरास नेली. चारशें बैल, दहा हत्ती आणि शेंकडों माणसें लागलीं असें सांगतात. आणि पुरीचा बडदांड पाहा. जगन्नाथाच्या सोळा चाकांच्या रथास वळसे घ्यावे लागूं नयेत म्हणून रस्ताच सरळ व ऐसपैस राखलेला आहे. रथ दरवर्षीं नवा होतो, रस्ता मात्र पिढ्यान् पिढ्या त्याची वाट पाहत असतो.

संस्कृतांत व्यापाऱ्यांच्या तांड्यास सार्थ म्हणत, आणि त्याच्या नायकास सार्थवाह. नलोपाख्यानांत दमयंती ज्या सार्थाबरोबर निघाली, तो एका रम्य सरोवराकांठीं उतरला. जागा सुंदर होती. पण ती रानहत्तींची पाण्यावर जाण्याची वाट होती, हें कोणीं पाहिलें नाहीं. मध्यरात्रीं हत्तींनीं निजलेल्या माणसांस तुडविलें. वाट न पाहणाऱ्या सार्थवाहाच्या चुकीची किंमत अशी निजलेल्यांस द्यावी लागते. आज हें काम करणाऱ्यांत जाणते सार्थवाह आहेत. ते निघण्यापूर्वीं सबंध मार्गाची पाहणी करितात. प्रत्येक वळण, पूल, कमान आणि तार मोजून टिपून ठेवतात. परंतु मोजून अडचण कळते. ती दूर करणें एकट्या सार्थवाहाच्या हातांत नसतें. पूल एका खात्याचा, तार दुसऱ्याचें, झाड तिसऱ्याचें.

म्हणून मला वाटतें कीं, आपल्या मोठ्या बंदरांपासून आंतल्या कारखान्यांच्या मुलखांकडे जाणारे कांहीं मोजके मार्ग तरी अशा ओझ्यांसाठीं कायमचे राखून ठेवावे. त्यांवरच्या तारा जमिनीखालून किंवा पुरेशा उंचीवरून न्याव्या. पूल आधींच तपासलेले असावे. आणि दिवसाच्या मुक्कामास तळ असावे, जेथें त्या तीस माणसांस निदान पाणी, शौचकूप आणि सांवली मिळेल. खर्च होईल खरा. पण आज तो होत नाहीं असें नाहीं. आज तो प्रत्येक ओझ्यागणिक नव्यानें होतो, आणि त्यांतला एक भाग हातीं बांबू घेऊन विजेच्या तारांखालीं धांवणारा कोणाचा तरी मुलगा आपल्या जिवावर भरीत असतो. कोणती तार निर्जीव आणि कोणती जिवंत, हें बांबूस कळत नाहीं. आणि बांबू ओला असला तर तोहि दगा देतो.

त्या रात्रीं मुहूर्ताच्या काळजीनें मीं त्या मंडळींस मनांतल्या मनांत पुष्कळ शिव्या मोजल्या होत्या. मुंजीच्या दुसऱ्या दिवशीं बटूस भिक्षावळीचे लाडू खातांना ही सारी गोष्ट सांगितली, तेव्हां त्यानें एवढेंच विचारलें, "आजोबा, त्या दादानं तो पूल ओलांडला का हो?" मला उत्तर देतां आलें नाहीं. आमची गाडी सुटतांच मी घाईनें वर चढलों होतों. मागें वळून पाहिलेंहि नव्हतें.